बिननावाचं गाऱ्हाणं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. गोळी किती वाजता घेतली, झोप किती झाली, फिट आली का, एवढंच लिहायचं. तेवढंच लिहिलं असतं. पण काल कंपनीत माझी वाट लागली, आणि ज्याने लावली त्याला मी सोडणार नाही. म्हणून वहीची पुढची पानं बाईंसाठी आणि मागची माझ्यासाठी.

काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "परब, तुला फिट येतात म्हणे." मी म्हटलं, "कोण म्हणतं?" म्हणाले, "फोन आला होता. नाव नाही सांगितलं. पण तुझ्यावर जळणारं माणूस वाटलं नाही. उलट रडवेलं झालं होतं." रडवेलं! साहेबांना नाटकं कळत नाहीत. मुद्दाम गळा काढून बोललं की झालं, साहेब विरघळले.

मी विमानतळावर ट्रॅक्टर चालवतो. विमानाच्या पोटातून निघालेल्या बॅगांच्या ट्रॉल्या ओढत आत आणायच्या. कालपर्यंत चालवत होतो, असं लिहायला हवं. आता मला हरवलेल्या बॅगांच्या खोलीत बसवलं आहे. तिथे कुणाची तरी सुकटीने भरलेली बॅग आठवडाभर पडून आहे. माझ्या नशिबात आता तिचा वास.

कंपनीनेच आज डॉक्टरकडे पाठवलं. बाईंनी विचारलं, "गोळी कधी घेता?" म्हटलं, "उठलो की एक, झोपताना एक." "आणि उठता कधी?" म्हटलं, "ते रोस्टरला विचारा." कधी सकाळपाळी, कधी दुपार, कधी रात्र, आणि आठवड्याच्या मध्येच बदल. बाई हसल्या नाहीत. "रोस्टर तुमचं आहे, तुमच्या मेंदूचं नाही. घड्याळात आठ म्हणजे आठ, सकाळचे आणि रात्रीचे. झोपेत असाल तर उठून घ्यायची, ड्युटीवर असाल तर ड्युटीवर." इतकी वर्षं माझ्या पद्धतीने चाललं होतं. कॉलेजात असताना फिट यायच्या, आता तीन वर्षांत फिट म्हणावी अशी एकही नाही. पण ऐकून घेतलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सापडला. देवेश.

देवेश गावडे माझ्याबरोबरच कामाला लागला. राहतो भांडुपला, गाव आमच्या शेजारचं. मला फिट येते हे कंपनीत फक्त त्याला माहीत होतं. आज बघतो तर माझ्या ट्रॅक्टरवर हाच बसलेला! वर मला बघून हात करतो आणि सगळ्यांसमोर ओरडतो, "काय रे, आठची घेतलीस ना?" या महिन्यातल्या माझ्या सगळ्या रात्रपाळ्याही त्याच्या नावावर गेल्या आहेत. मला नुसती सकाळपाळी, शाळकरी पोरासारखी. रात्रीचा जास्तीचा भत्ता आता हा खाणार.

आणि त्याच्याकडे माझ्याविरुद्ध सांगण्यासारखं होतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो माझ्या शेजारी बसला होता. विमानाजवळ जाताना ट्रॅक्टर जरा जास्त पुढे गेला. देवेशने माझ्या अंगावरून झेप घेऊन ब्रेक दाबला. त्याचं ओरडणं आठवतं, त्याच्या आधीचं थोडं पुसट आहे. फिट नव्हती ती, फिट मला कळते. लागोपाठ रात्रपाळ्या झाल्या होत्या, सकाळची गोळी घेतली की रात्रीची याचा गोंधळ झाला होता, त्यात तंद्री लागली. समोर एक लोडर वाकून बॅग उचलत होता म्हणे. त्याला खरचटलंसुद्धा नाही.

घरी येऊन मी हा किस्सा देवेशची नक्कल करून सांगितला होता. आई हसली. ताई ताटावरून उठून गेली. जानेवारीत लग्न आहे तिचं, ठरल्यापासून तिचं असंच चाललं आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज गावी धाकूकाकांना फोन लावला. काका आमच्या गावाचे मानकरी, रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्यात त्यांच्याकडे. कोर्टात जाणारे जातात, आमच्याकडे देवाला सांगतात. देवासमोर उभं राहून मोठ्याने सांगायचं, माझं असं असं झालं, ज्याने केलं त्याला बघून घे. जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा.

आई आडवी आली. इथे शहरात, भटवाडीत, तिचा जन्म गेला, पण बोलते मालवणीच. "नाव घेवन घाल, नायतर घालू नको. बिननावाचा गाऱ्हाणा वाटेत जो भेटात तेका धरता."

"देवेशच आहे गं."

"तू बघलंस? मगे? खात्री नसताना देवाक कामाक लावू नको, बाबू." तिचा चेहरा उतरला होता. आईला देवाची भीती जास्त, भक्ती कमी.

ताई केस विंचरत होती. आरशातूनच म्हणाली, "घालू दे गं आई. होऊन जाऊ दे एकदाचं." मला बरं वाटलं. घरात एक तरी माझ्या बाजूने आहे.

खात्री होती, पण आईने घातलेल्या घोळामुळे नाव घ्यायला जीभ रेटली नाही. मग काकांनी तसंच घातलं. आम्ही फोन स्पीकरवर ठेवला. "बा देवा रवळनाथा, ह्या लेकराच्या पोटार ज्या कोणी पाय दिल्यान, तो जंय आसात थंयसून ह्याच्या समोर येवंदे, आणि तेका तेच्या कर्माचा फळ गावांदे रे म्हाराजा!" पलीकडे गुरव आणि आणखी दोघंतिघं म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणालो, असं खणखणीत की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला. आई आत निघून गेली.

काका म्हणाले, देवाला नुसतं राबवू नये, आपणही काही कबूल करावं. मी कबूल केलं, तो माणूस समोर येईपर्यंत दर सोमवारी निर्जळी उपास. सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

पहिला उपास. सकाळी आठला गजर झाला आणि लक्षात आलं, गोळी पाण्याशिवाय कशी गिळणार? मोठी आहे, कोरडी घशात अडकते. आणि नवस मोडून गोळी घेतली तर देव म्हणेल, हा स्वतःच पक्का नाही, मी कशाला धावू. ताई ऑफिसला जाताना विचारून गेली, "घेतलीस?" म्हटलं, "घेतली." गोळी खिशात होती.

संध्याकाळी उपास सोडला आणि रात्री आठला दोन्ही एकदम घेतल्या. हिशोब पुरा. काही झालं नाही. थोडं डोकं जड, बाकी झकास. पुढच्या पानावर बाईंसाठी सकाळी आठ असंच लिहिलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

देवाच्या भरवशावर नुसतं बसून चालत नाही. देवाला हात-पाय आपणच द्यायचे असतात.

देवेशचं एक बिंग मला माहीत आहे. त्यानेच विश्वासाने सांगितलं होतं. तो सकाळी भांडुपला शाळेच्या मुलांची गाडी चालवतो. आधी त्याला रात्रपाळी क्वचित असायची, तेव्हा जमून जायचं. आता या सगळ्या रात्रपाळ्या करून तो तसाच तारवटलेल्या डोळ्यांनी मुलांना शाळेत सोडतो. कंपनीत दुसरी नोकरी करायला बंदी आहे, ड्रायव्हरला तर सक्त.

आज साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, माझं नाव घेऊ नका, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही." सगळं सांगितलं. सांगताना आवाज जरा भरूनही आला, मलाच नवल वाटलं. मुलांचं डोळ्यांसमोर आलं असेल. जो माणूस स्टिअरिंगवर पेंगू शकतो त्याने दुसऱ्यांचे जीव गाडीत घालून हिंडावं? त्याला स्वतःला कळत नसेल तर कुणीतरी थांबवायला नको? यात सूड आहे, नाही कशाला म्हणू. पण नुसता सूड नाही, पुण्यही आहे.

बाहेर पडलो तेव्हा देवेश भेटला. "चल, चहा मारू," म्हणाला. मी त्याच्याबरोबर चहा प्यालो. त्याने बिस्किट दिलं तेही खाल्लं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

लागला निकाल! देवेशला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही. साहेबांनी शाळेलाही कळवलं, म्हणजे गाडीपण गेली. रवळनाथा, मानलं तुला.

येताना बांगडे घेऊन आलो. आईला म्हटलं, तिखलं कर, आज देव पावला. बातमी सांगितली तशी आई मटकन खालीच बसली. ताई म्हणाली, "कुणाला घरी बसवलं?"

"देवेशला. ज्याने मला बसवलं त्याला."

"त्याने काय केलं होतं तुझं?" ताईचा आवाज इतका चढला की मला कळेना. "अरे, रात्रपाळ्या कुणाच्या करत होता तो? विचारलंस कधी?"

"माझ्या. भत्त्यासाठी."

ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी बांगड्यांची पिशवी उगाच दुसऱ्या हातात घेतली. तिखलं कुणी नीट खाल्लं नाही. मी खाल्लं.

लिहायचं राहिलं, सोमवारचा उपास पार पडला. फक्त दुपारी बॅग शोधायला आलेली एक बाई माझ्यावर खेकसली, की मी मघापासून विचारतेय आणि तुम्ही नुसते बघताय. समोर चहाचा ग्लास आडवा पडला होता, साथीदाराचा. बहुतेक माझा हात लागला. उपासाने होतं असं. एक गोष्ट मात्र कळत नाही. देवेशला फळ मिळालं, पण "समोर येवंदे" म्हटलं होतं ते झालं नाही. त्याने अजून कबूल केलेलं नाही. म्हणजे उपास चालू ठेवावा लागणार.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सलाईनचा हात सुजला आहे, अक्षर वाईट येईल. जीभ चावली आहे, कडेने काळीनिळी झाली आहे.

सोमवारी पडलो. ते मला आठवत नाही. बॅगांच्या खोलीत होतो, सुकटीचा वास नेहमीपेक्षा जास्त येत होता, आणि मग एकदम दवाखान्याचं छत. मोठी फिट होती आणि लगेच दुसरी. कुणीतरी चप्पल हुंगवली, कुणीतरी तोंडात चमचा घालायला बघितलं. ज्याने चप्पल हुंगवली त्याचं नाव मी काढणार आहे.

डॉक्टरीणबाईंनी वहीची पुढची पानं बघितली. प्रत्येक सोमवारी सकाळी आठ. म्हणाल्या, "हे खरं आहे?" ताईने सांगितलं, "नाही." तिला माझ्या शर्टाच्या खिशात गोळी मिळाली होती. बाईंचा पारा चढला. "सकाळची चुकवायची आणि रात्री दोन एकदम घ्यायच्या, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" रवळनाथाने, असं सांगता आलं नाही.

काल घरी आणलं. दुपारी आई देवळात गेली तेव्हा ताई माझ्या खाटेजवळ खुर्ची घेऊन बसली आणि म्हणाली, "साहेबांना फोन मी केला होता."

मला बोलता येत नव्हतं. जिभेची अशी दशा, धड शिवी पण देता येईना. ताईला ते माहीत होतं, म्हणूनच तिने ही वेळ निवडली असणार.

"तू नक्कल करून दाखवलीस ना, त्या रात्रीच मी देवेशला फोन केला. तो लोडर किती लांब होता ते त्याने सांगितलं. एक हात, सर्वेश. त्या माणसाला घरी तान्ही पोर आहे. मी देवेशला म्हटलं, साहेबांना सांग. तो म्हणाला, मित्राची नोकरी मी कशी घालवू यार? म्हटलं, बरं, मग मी घालवते. मी बहीण आहे, मला चालतं. त्याने काय केलं माहितेय? साहेबांकडे जाऊन तुझ्या रात्रपाळ्या मागून घेतल्या. तुला झोप मिळावी आणि आठची गोळी चुकू नये म्हणून. त्यानेच मला सांगितलं की तुला कळू देऊ नको, तुला आवडणार नाही."

मी भिंतीकडे तोंड केलं. आईलाही माहीत होतं, तेही तिनेच सांगितलं. म्हणजे मी "व्हय म्हाराजा" ओरडत होतो तेव्हा घरातल्या तिघांपैकी दोघींना माहीत होतं की देवाला कुणाच्या मागे लावतोय.

रविवार, ३० नोव्हेंबर

खरं लिहायचं तर मला ताईचा राग गेलेला नाही. तिने मला विचारलं का नाही? समोर बसवून, कान उपटून, सांगितलं का नाही? विचारलं असतं तर मी ऐकलं नसतं, हे मला माहीत आहे. तरी राग आहे.

धाकूकाकांचा फोन आला. आता गावच्या जत्रेत सगळा गाव जमणार, गाऱ्हाणं पुन्हा घालायचं तर तीच वेळ. "बाबू, नाव कळला काय? नावानिशी घातलंय तर लगेच लागता."

ताई आत भांडी घासत होती. मेंदीचं कुणाला सांगायचं यावर आईशी बोलत होती. मी फोन कानाला लावून उभा होतो आणि एक क्षण मला वाटलं, घ्यावं नाव. लग्नाच्या आधी तिलाही कळू दे, हातातलं जाणं म्हणजे काय असतं. एक क्षण नाही, त्याहून जास्त वाटलं. काका "हॅलो, हॅलो" करत राहिले. मी फोन ठेवला.

सोमवार, १ डिसेंबर

आठचा गजर झाला. उपास मी सोडलेला नव्हता. कबूल केलं ते कबूल केलं.

ताई गोळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. मी मान हलवली. तिने ग्लास खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि माझ्या अगदी समोर उभी राहिली.

"तुझा नवस काय होता? ज्याने केलं तो समोर येईपर्यंत, हो ना? आले समोर. बघ नीट. सुटला तुझा उपास. आता घे गोळी, आणि मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे, ऑफिसला उशीर झाला तरी चालेल."

मी गोळी घेतली. पाणी प्यालो. मग शिव्या दिल्या. जीभ अजून नीट वळत नव्हती, त्यामुळे ताईला हसू आलं, आणि हसता हसता रडायला लागली. मी नाही रडलो. आई दारात उभी राहून बघत होती.

गुरुवार, ४ डिसेंबर

साहेबांकडे गेलो. सांगितलं, देवेश माझ्या रात्रपाळ्या करत होता, म्हणून त्याची ओढाताण होत होती. त्याला परत घ्या. साहेब म्हणाले, "अरे, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे असं तूच म्हणालास ना? तू किती कळवळून बोललास, मी घरी बायकोला सांगितलं." म्हटलं, "साहेब, मी सूड म्हणून सांगितलं." म्हणाले, "सूड म्हणून सांगितलंस, तरी गोष्ट खरीच होती ना? तुझ्याबद्दलचीही खरीच निघाली." देवेशचं आता वरच्या ऑफिसात गेलं आहे, साहेबांच्याही हातात राहिलेलं नाही.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळची आठची गोळी घेऊन भांडुपला गेलो. देवेशच्या घरी मी याआधी कितीदा जेवलो आहे. दार त्याच्या आईने उघडलं, रुक्मिणीकाकीने. "इलंस? ये रे बाबू. बरो मा तू? देवेशान सांगल्यान, पडलंस म्हणून. बस, चाय घे."

देवेश आतल्या खोलीच्या दारात भिंतीला टेकून उभा राहिला. दाढी वाढली होती. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. शाळेच्या गाडीचं माझ्याशिवाय कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. त्याला पहिल्या दिवशीच कळलं असणार.

काकीने चहा माझ्या हातात दिला आणि समोर बसली. "बघ मा, चोरी केल्यान नाय, लबाडी केल्यान नाय, आणि घराक बसवल्यानी. कोणीतरी चुगली केल्यान रे. पण मी पण सोडूचंय नाय. गावाक फोन करून गाऱ्हाणा घातलंय. घराक बसवल्यार जो पयलो रविवार इलो, त्याच दिवशी घातलंय. नाव म्हायत नाय, तसाच घातलंय. बघ, तेका फळ गावतला."

रविवार. दुसऱ्या दिवशी सोमवारी मी पडलो. मी गोळी न घेतल्यामुळे पडलो, हे मला डॉक्टरीणबाईंपेक्षा चांगलं माहीत आहे. तरी मी बोटांवर दिवस पुन्हा मोजले.

"आई, राहू दे गो," देवेश म्हणाला. आल्यापासून तेवढंच बोलला.

"कित्याक ऱ्हवंदे?"

मी म्हटलं, "काकी, बिननावाचं ठेवू नका. ते वाटेत भेटेल त्याला धरतं. नाव मी सांगतो."

देवेशने मान हलवली, नको म्हणून. काकी माझ्याकडे बघत होती. तिने ओठ पुसले आणि म्हणाली, "सांग."

"सर्वेश सुधाकर परब."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी थट्टा करतोय का ते बघत असावी. मग पुढे होऊन तिने माझ्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा होता त्यात. तो मोरीत ओतून आली, हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि देव्हाऱ्यासमोर बसली. मी उठून तिच्या मागे उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा, ह्या सर्वेश सुधाकर परबान, माझ्या घरात जेवन, माझ्या झिलाच्या पोटार पाय दिल्यान..." आवाज कुठे चढला नाही, कुठे अडखळला नाही. सगळं सांगितलं तिने. माझं काय व्हावं तेही सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

बोलून झालं आणि ती थांबली. दुजोरा द्यायला खोलीत आम्ही दोघंच. देवेश खाली बघत होता.

काकी मागे वळली. "कोणीतरी म्हणा रे," ती म्हणाली. "नायतर पोचूचा नाय."

मी हात जोडले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."